करडगीतला दोरा

हसायचं तर खुशाल हसा, पण चहा संपेपर्यंत माझी फजिती ऐकून घ्या.

चिटगुप्प्यात आमच्या शेजारी नागम्मा राहायची. तिची सुमित्रा हैदराबादला मोठं कसलंसं शिकायला होती. एकदा गिरणीत दळण घेऊन उभी होते, तर मागून कानावर आलं, "नागम्माची सुमी म्हणे आता परत यायची न्हाई, तिनं तिकडं कुणाच्या..." आणि तेवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. पुढचं सगळं खडखडाटात गेलं.

आता अर्धी बातमी घेऊन घरी कसं जायचं? उरलेली अर्धी मी वाटेतच तयार केली.

दुसऱ्या दिवशी सुमी सुट्टीवर आली. मी मिरच्या वाळत घालायच्या निमित्तानं परसातल्या भिंतीवरून डोकावले. बघते तर पोरगी पायरीवर बसून भला लांब पांढरा दोरा चांदीच्या करडगीत कोंबायली. करडगी म्हणजे आम्हा लिंगायतांची लिंगाची डबी. दोऱ्यात ओवून जन्मभर गळ्यात वागवायची. ती उतरवून कुणी खेळत बसतं का?

माझ्या डोक्यात सगळं जुळलं. पोरीनं लिंग उतरवलं, म्हणजे परजातीत लगीन.

नागम्माला आधी विचारावं की न्हाई? न्हाई विचारलं. सरळ मठात गेले आणि अय्यांना, म्हणजे आमच्या स्वामींना घेऊन आले. विभूती, नवा दोरा, पोरीला परत लिंग बांधायची सगळी तयारी.

"अक्का, नक्की बघितलंत न्हवं?" अय्या वाटेत म्हणाले.

"अय्या, मी काय सांगोवांगी बोलते व्हय?"

सुमी दारातच अय्यांच्या पाया पडली. वाकली, तशी तिच्या गळ्यातली करडगी पुढं लोंबली.

अय्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आढ्याकडं.

"मग पायरीवर होती ती कुणाची?" मी विचारलं. गप्प बसणं मला जमतच न्हाई.

"बसूची," नागम्मा म्हणाली.

बसू तिचा धाकटा. त्याच्या अंगात रक्तच धरायचं न्हाई. रक्ताच्या बाटल्या चढवून चढवून शाळेत जायच्या आधीच गेलेला. लिंग त्याच्या हातात ठेवून माती दिली, रिकामी करडगी नागम्मानं जपली होती. तेव्हापासून सासरचे म्हणायचे, हिच्या माहेरचंच रक्त नासकं.

"आई सारखी विचारती, माझं काय चुकलं," सुमी म्हणाली. "म्हणून दाखवायले, मावशी."

तिनं बसूची करडगी आणली आणि आतला दोरा बाहेर ओढला. त्यावर दोन ठिकाणी कुंकू लावलेलं, एकमेकांपासून लांब लांब.

"अंगातल्या एकेका पेशीत असा लांब धागा कोंबलेला असतो. रक्त कसं करायचं ते इथं लिहिलेलं. आणि त्याला जागं करणारा तुकडा पार तिकडं." तिनं दोरा घड्या घालत परत आत बसवला, तसे दोन्ही लाल ठिपके एकमेकांना चिकटले. "अशी घडी पडली तर दोघांची भेट होती. काही लेकरांत तो लांबचा तुकडाच नसतो. मग लिहिलेलं धड असूनबी मुकं राहतं. बसूचं तसंच असावं असं वाटतंय."

"वाटतंय?" अय्या म्हणाले.

"आत घडी कशी पडती ते कुणी नीट बघितलेलं न्हाई अजून. तेच शिकायला परदेशी चाललेय."

"मग दोष कुणाकडचा?" नागम्मानं हळूच विचारलं.

"दोन्हीकडून आलं, आई. तू काय केलंस म्हणून न्हाई."

नागम्मानं करडगी हातात घेतली, झाकण लावलं आणि पदराखाली धरून बसली. अय्यांनी आणलेली विभूती तिच्याच कपाळाला लावली, आणि नवा दोरा तसाच परत घेऊन ते गेले.

तर गिरणीतल्या बातमीतलं एवढं खरं, की पोरगी चालली होती. कुणाचा हात धरून न्हाई, एकटीच. परत यायची की न्हाई, ते तिनं सांगितलं न्हाई आणि आम्ही विचारलं न्हाई.

जायच्या दिवशी हैदराबादच्या गाडीवर सोडायला आम्ही दोघी गेलो. नागम्मा गप्प उभी. मला मात्र आवरेना. मी पोरीला मिठी मारून असा हंबरडा फोडला की अख्खा स्टँड बघायला लागला.

कंडक्टर नागम्माला म्हणाला, "ओ अक्का, जरा बाजूला सरका. आईला पोरीला नीट भेटू द्या की."

नागम्मा बाजूला सरकली.

आणि मी? गाडी हलेपर्यंत मला पोरीला सोडायचं सुचलंच न्हाई.