विमलकाकूंचा पट्टा

पाणी चावून पिणारं माणूस तुम्ही कधी पाहिलंय?

आमच्या शेजारच्या विमलकाकू तसं पीत. देवळीत त्यांचं साड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक साडी निवडून जाई, तरी काकूंचा अर्धा पेला उरलेलाच. वजन उतरावं म्हणून त्यांनी नागपूरला ऑपरेशन करून जठराभोवती पट्टा बसवून घेतला होता. त्या झपाट्याने उतरल्या आणि गावभर सांगत सुटल्या. मग पट्टा जागेवरून सरकला. घास अडकायचा, उलट्या व्हायच्या. पट्टा काढून दुसरं ऑपरेशन करा, असं डॉक्टर म्हणाले. काकू तयार होईनात.

"साऱ्या गावाले मीच सांगतलं ना बाबू! आता फसला म्हनू? लोक हासतीन."

मी तेव्हा चळवळीतला कार्यकर्ता. तत्काळ चार पानी पत्रक लिहिलं, 'बाईच्या देहावर बाजाराचा फास!', आणि त्यांना खड्या आवाजात वाचून दाखवलं.

"ब्येस लिवलं. पन माह्या उलटीचा इलाज कोन्त्या पानावर हाये?"

इलाज मला ठाऊक नव्हता. मी उद्गारचिन्हं वाढवली आणि पत्रक छापून आणलं.

त्याच उन्हाळ्यात काकूंच्या भाचीच्या सासरी, रोहण्याला, जेवण होतं. काकूंसोबत मीही गेलो. पंगतीत भाचीची सासू लाडू घेऊन आली. काकूंनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

"काऊन वो, आमच्या घरचं गोड नाई चालत का?"

मुलीकडच्या बाईने यावर काय बोलावं? काकूंनी लाडू खाल्ला. क्षणात त्यांचा चेहरा काळवंडला, तोंडातून लाळ गळू लागली. मी ताडकन उठलो आणि आग्रह ही कशी सरंजामी रीत आहे, यावर बोलू लागलो. तिसरं वाक्य ऐन रंगात असताना काकूंनी माझा सदरा ओढला.

"भाषण मंग देजो, येड्या! गाडी पाह्य पयले!"

दवाखान्याकडे निघालेल्या जीपमध्ये श्वास जरा मोकळा झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्या बाईले नाई म्हनाले लाजली, डॉक्टरले हो म्हनाले लाजली. लाजेपायी मरून राह्यली होती ना मी."

पट्टा निघाला. काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशनही झालं. दुकान उघडल्यावर एकीने खोचकपणे विचारलंच, "काकू, पट्टा फेल गेला म्हन्ते?"

"गेला. काहाडला. दुसरं ऑपरेशन केलं. तुले सुती दाखवू का वायल?"

माझ्या पत्रकाचा कागद चांगला जाड होता. काकू तो साड्यांच्या घडीत घालून देत. माझं लेखन पहिल्यांदाच घरोघरी पोचलं.

पुढे त्या अमरावतीला लेकीकडे राहायला गेल्या. आता लग्नसराई येते आहे, तुम्हीही वाढायला उभे राहाल. कुणी ताटावर हात आडवे धरले, तर कारण विचारू नका. पुढच्या ताटाकडे वळा.