बोर्डातल्या दोन पिना

कुरडयांची दुरडी ओट्यावर टेकवून मी आतल्या खोलीत आले, तेव्हा माझ्या नातीचे ओठ जांभळे पडले होते आणि तिचं हवेचं मशीन बंद होतं. ते मीच बंद केलं होतं. तिचे डोळे उघडे होते, पण माझ्याकडे पाहत नव्हते. मास्क तोंडावर तसाच घट्ट बसलेला. तो मी आधी ओढून काढला. मग खाली वाकून मशीनची पिन बोर्डात घालायला लागले. पिन बसेना. शेवटी बसली. मशीन घुरघुरलं, मास्क परत लावला आणि तिच्या छातीवर तळहातानं दाबत राहिले. असंच करायचं असतं का, हे मला माहीत नव्हतं. पत्र्यावर गारा पडत होत्या. ओरडले असते तरी कोणाला ऐकू गेलं नसतं, म्हणून ओरडले नाही.

नात तेव्हा बावीस वर्षांची होती. सहाव्या वर्षी ती चालता चालता पडायला लागली. अंगातले स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे, औषध नाही, असं जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि तसंच झालं. आता मान वळते आणि उजव्या हाताची तीन बोटं चालतात. झोपताना तोंडावर मास्क लावून मशीननं हवा द्यावी लागते. सर्दी झाली की दिवसाही. आमचं गाव देऊळगाव राजापासून जवळ आहे. मुलगा शेतात जातो, सून अंगणवाडीत. दिवसभर नातीजवळ मीच असते.

तिच्या पलंगासमोर कॉम्प्युटर आहे, जुना घेतलेला. त्यावर ती गेम खेळते. चौघंजण मिळून एक किल्ला राखतात. बाकीचे तिघं कुठले कुठले, त्यांना तिनं कधी पाहिलेलं नाही. तिच्याकडे पहाऱ्याचं काम. तीन बटणांत भागतं, म्हणून तिला जमतं. ती पडून असते हे त्या तिघांना ठाऊक नाही. जालन्याला कॉलेजात शिकते, असं तिनं सांगून ठेवलं होतं. मी एकदा म्हटलं, खोटं काऊन सांगतं? ती म्हणाली, "तिथं कोणी मले बिचारी म्हणत नाही, आजी."

त्या आठवड्यात गेम अटकत होता. शत्रू दाराशी आला की तिचा पडदा गोठायचा, सुटायचा तोवर किल्ला गेलेला. तिघांनी सांगून टाकलं की रविवारपर्यंत कॉम्प्युटर नीट कर, नाहीतर आम्ही दुसरा माणूस घेतो. तेव्हापासून ती जेवणाला तोंड उघडेना. सून म्हणाली, "आत्याबाई, खेळापायी उपाशी राहते का कोणी?" मी म्हटलं, राहते. समोर दिसून राह्यलं ना.

शनिवारी दुपारी आम्ही दोघीच घरात होतो. तिला तीन दिवसांची सर्दी होती. बोलायचं असलं की मी मास्क बाजूला करायची, बोलून झालं की लावायची. तिनं मोबाईलवर उपाय शोधून ठेवला होता. तिचा हात माऊसवर फिरत नाही, म्हणून माऊस माझ्याकडे.

"याची मेमरी कमी हाय," ती म्हणाली. "गेम उघडला की जागा पुरत नाही. मंग डिस्कमधली थोडी जागा मेमरीले वापरायले द्यायची."

"म्हणजे घरात पाहुणे मावले नाही तर शेजारच्या ओसरीत निजवतो, तसं."

"हाव, तसंच. पण ओसरीतल्या माणसाले हाक मारून बोलवायले टाईम लागते. म्हणून आधी घरातले रिकामटेकडे हाकल. ते उघडे प्रोग्राम बंद कर."

मी बंद केले. मग ती सांगेल तिथं बाण नेत गेले. एक चौकोन, त्यात आणखी एक, त्यात आणखी. शेवटी आकडे टाकायची जागा आली. मी चौथी शिकलेली. इंग्रजी आकडे येतात, पण त्यांचा आठ आपल्या चारासारखा दिसतो. ती चार म्हणाली, मी आठ दाबला.

"पूर्ण डिस्कच देऊन टाकतं का आता?"

"मंग तूच दाब ना."

ती हसली. हसल्यावर तिला खोकला येतो, तो आला. मी मास्क लावला, ती शांत झाल्यावर काढला, आकडा खोडून नवा टाकला. कॉम्प्युटरनं विचारलं, बंद होऊन परत चालू होऊ का. तिनं सांगितलं, "हो म्हण. आणि आता हात नको लावू त्याले." ती दमली होती. मी मास्क लावला.

तेवढ्यात आभाळ गडगडलं.

आमच्या घरात वीज कडाडली की बोर्डातल्या पिना काढतात. एकदा खांबावर वीज पडली आणि आमचा टीव्ही जळाला, तेव्हापासून माझ्या मालकांनी ही सवय लावली. ते गेले, सवय राहिली. घरात जो असेल त्यानं बोर्ड रिकामा करायचा. लाईट गेली तरी चालावं म्हणून मशीनसाठी मुलानं बॅटरीवरचा वेगळा बोर्ड बसवला होता. त्याला हात लावायचा नाही, हे मला पाठ होतं. पण कॉम्प्युटरचीही पिन त्याच बोर्डात होती. तो जळाला तर पोरीचं काय राहिलं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. दोन काळ्या पिना शेजारी शेजारी होत्या. सवयीनं मी दोन्ही ओढल्या आणि अंगणात पळाले, कारण खाटेवर कुरडया वाळत घातलेल्या होत्या. गारा सुरू झाल्या. कुरडया भरायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. एकही भिजली नाही.

ओठांचा रंग हळूहळू बदलला. मी मुलाला फोन लावला. त्यानं शेजाऱ्याची गाडी आणली, मशीन आणि बॅटरी गाडीत टाकली आणि आम्ही जालन्याला गेलो. वाटेत त्यानं विचारलं, "माय, लाईट गेली होती का?" मी म्हटलं, नाही, मी पिन काढली. सून दवाखान्यात आली, तिनं माझ्या हातातून पोरीचा हात काढून घेतला. ते बरोबरच होतं.

आठ दिवस ती तिथं होती. घशात नळी होती तोवर बोलणं नव्हतं. नळी काढल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी ती मला म्हणाली, "मी पाहून राह्यली होती. तू दोन्ही काढल्या अन् गेली. मले वाटलं, आता वळते, मंग वळते."

मी म्हटलं, "कुरडया होत्या."

"माहीत हाय," ती म्हणाली.

घरी आल्यावर मुलानं कॉम्प्युटर लावला. आकडा बसला होता, गेम अटकत नव्हता. पण रविवार कधीच होऊन गेला होता. तिघांनी दुसरा माणूस घेतला होता. दवाखान्यात होते असं त्यांना सांग, असं मी म्हटलं, तर ती नको म्हणाली. महिनाभर तिनं त्या बटणांना बोट लावलं नाही. मग एकटीनं खेळायचा कुठलातरी गेम सुरू केला. त्यात कोणी बोलत नाही.

सुनेनं अंगणवाडीचं काम सोडलं. मला कोणी दोष देत नाही, पण मशीनजवळ एकटीला बसवतही नाहीत. आता मी स्वयंपाक करते. दारातून नातीकडे पाहते, तीही पाहते. आमच्यात भांडण नाही.

त्या दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. दोघीही जिवंत आहोत.