कौसल्यामावशींच्या तीन शांत दुपारी

इंदोरा वस्तीतल्या आमच्या घरी खालच्या मजल्यावर कौसल्यामावशी राहतात. अंगणवाडीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण त्यांना बूड टेकवून बसलेलं मी पाहिलेलं नाही. कारण एकच, त्यांच्या यजमानांची, बळीरामकाकांची रक्तातली साखर. ती मधेच एकदम उतरते आणि काकांना स्वतःला कळतही नाही. म्हणून लेकीनं, मेघानं, पुण्याहून येऊन त्यांच्या दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवला आणि त्याचं ॲप मावशींच्या फोनमध्ये टाकलं. साखर उतरली की फोन ओरडतो. आकडे वाचायच्या भानगडीत मावशी पडत नाहीत. वाजला की धावायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पण ब्लूटूथ पोचतं वीस फूट. कोपऱ्यावर सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणायला निघाल्या तरी जीव टांगणीला, अर्ध्या वाटेतून माघारी. अशानं तुम्हीच आधी आजारी पडाल, असं मी चिडून कितीदा म्हटलं असेल.

मागच्या आठवड्यात फोन तीन दिवस गप्प होता. नवी गोळी मानवली, असं मावशींनी मला जिन्यात सांगितलं आणि दुपारी चक्क कूलरपुढे झोपू लागल्या. मलाही बरं वाटलं.

चौथ्या दुपारी त्यांना जाग आली, तेव्हा काका घामानं थबथबले होते. शर्टाचं बटण लागत नव्हतं, जीभ जड झाली होती. मावशींनी साखरेचं पाणी पाजलं, काका हळूहळू सावरले, आणि मग मला हाक आली. फोन वाजला कसा नाही?

मी सेटिंग उघडलं. ॲपच्या परवानग्यांमध्ये 'जवळपासची डिव्हाइस' बंद. सूचनाही बंद. म्हणजे तीन दिवस सेन्सरचं काहीच फोनपर्यंत पोचत नव्हतं. हे आपोआप होत नाही, असं मी बोलून गेले आणि जीभ चावली. काका मान खाली घालून बसले होते. वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये तीस वर्षं अलार्म ऐकलेला माणूस. मेघानं कुठे काय दाबलं ते त्यांनी बरोबर पाहून ठेवलं होतं.

"काहून बंद केलं जी?" मावशींनी विचारलं.

"तू झोपतच नव्हती ना वं. तीन दिवस झोपली. मी बसून पाहत होतो."

मला राग आला आणि रडूही आलं. मावशींना झोप तर खरंच लागली होती, गाढ लागली होती. मी दोन्ही परवानग्या पुन्हा दिल्या. थोड्या वेळानं आकडा उमटला आणि फोन ओरडायला लागला. साखर अजून पुरती चढली नव्हती. मावशींनी काकांच्या हातात गूळ ठेवला.

"आता पुन्हा झोपणार नाही तू," काका म्हणाले.

"नाही झोपत. तुम्ही गेले असते, त मी तशीच झोपून राहिली असती. मंग उठून मी काय केलं असतं जी?"