पहिल्या तीन सेकंदांचा आवाज

नाशिकमध्ये सकाळी सहा ते आठच्या दरम्यान सुरू झालेली एकही चारचाकी माझ्या बायकोच्या मोठ्या काकांच्या कानांतून सुटली नसेल, असं मला आजही वाटतं. काका सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नातवंडं खेळवतात. काका कॉलनीतल्या गाड्या सुरू होताना ऐकायचे. स्वतःची गाडी नव्हती, सायकल होती. पण कोणी किल्ली घेऊन खाली उतरलं, की हे दात घासत फाटकापाशी हजर. "एक मिनिट थांबा," म्हणून ब्रश तोंडातून काढायचे, कारण घासण्याच्या आवाजात इंजिन नीट ऐकू येत नाही. त्यांचं म्हणणं असं, की इंजिनातल्या टायमिंग चेनला, म्हणजे आतले भाग एका तालात फिरवणाऱ्या साखळीला, जे काही सांगायचं असतं, ते ती गार गाडीच्या पहिल्या तीन सेकंदांत सांगून टाकते. तेल वर चढलं की गप्प बसते. मग तासभर कान लावला तरी उपयोग नाही. समोरचे बँकेतले साहेब या तपासणीला इतके कंटाळले, की गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेऊन तिथे सुरू करू लागले. काकांनी त्यावरून त्यांची बॅटरी गेली असावी असा निष्कर्ष काढला आणि संध्याकाळी घरी जाऊन आपुलकीने चौकशी केली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी एक जुनी गाडी विकत घेतली. जावयाची गाडी म्हणजे काकांना घरचीच. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काका, ही चेन किती किलोमीटरला बदलायची असते?" "जावईबापू, साखळीला किलोमीटर कळत नाहीत, तेल कळतं. वेळेवर तेल बदललं तर इंजिनाइतकी टिकेल. नाही बदललं तर निम्म्यातच कुरकुरायला लागेल. सकाळी खळखळ ऐकू आली, जुन्या तेलात चमचमणारा चुरा दिसला, गाडी उगाच अडखळायला लागली, की झाकण उघडून बघायचं. आणि बदलायची तर एकटी साखळी नाही, तिला ताणून धरणारा तुकडा आणि दात्यांची चाकंही तपासायची." एवढं बोलून त्यांनी विचारलं, "आधीच्या मालकानं तेल कधी बदललं होतं?" मला ते माहीत नव्हतं. मी रंग पाहून गाडी घेतली होती.

पुढे माझ्या मेहुणीचं लग्न ठरलं. तिची पैठणी येवल्याच्या एका विणकराकडे तयार होत होती आणि लग्नाच्या दोन दिवस आधी ती आणायला मी आणि बायको काकांच्याच कॉलनीतल्या सासरहून निघालो. मी गाडी सुरू केली, काकांनी ब्रश काढला. "ऐकलंत? डब्यात खिळे हलवल्यासारखं. आज ही गाडी नेऊ नका, एसटीने जा." मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. गॅरेजवाल्याने आदल्याच आठवड्यात गाडी ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं, आणि सासरच्या गल्लीत नव्या गाडीतून... म्हणजे माझ्यापुरत्या नव्या गाडीतून निघण्याची हौसही होती. आम्ही निघालो. विंचूरच्या अलीकडे, पुढे-मागे कांद्याचे ट्रॅक्टर असताना, गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. पुन्हा सुरू होईना. जवळच्या हॉटेलात फोन होता, तिथून घरी कळवलं.

काका पुढच्या एसटीने आले. हातात पोळीभाजीचा डबा. आता ऐकून घ्यावं लागणार, म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी आधी पुतणीला, म्हणजे माझ्या बायकोला, येवल्याच्या एसटीत बसवून दिलं, "तू पैठणी घेऊन ये, पोरीचं लग्न अडायला नको," असं सांगितलं. मग माझ्याकडे वळून, डोळ्यांत लहान मुलाची उत्सुकता आणून विचारलं, "बंद पडण्याआधी आवाज नेमका कसा होता? खळखळ होती की खरखर?" मी तो आवाज रस्त्याच्या कडेला उभा राहून तीनदा तोंडाने काढून दाखवला. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला दया आली. "लय तरास झाला वाटतं पाव्हण्यांला," असं म्हणत त्याने गाडीला दोर बांधला आणि आम्हाला विंचूरच्या मिस्त्रीपर्यंत ओढत नेलं.

मिस्त्रीने झाकण उघडलं. साखळी सैल होऊन एका दात्याने सरकली होती. "नशीब," काका म्हणाले, "आणखी सरकली असती तर आतला मोठा खर्च होता." नवी साखळी नाशिकहून आणायला दुसरा दिवस उजाडला. काका पुन्हा माझ्यासोबत आले. जुनी आणि नवी साखळी दोन हातांत आडवी धरून त्यांनी मला दाखवली. नवी जवळजवळ सरळ राहिली, जुनी झोळीसारखी वाकली. "लोक म्हणतात साखळी ताणली गेली. पोलाद कसलं ताणलं जातंय? एकेक सांधा केसाएवढा झिजतो. एवढ्या सांध्यांचं मिळून हे होतं." त्या वाक्यानंतर मला पहिल्यांदा ते झाकण उघडून आत बघावंसं वाटलं. जुनी साखळी काकांनी रुमालात गुंडाळून लग्नालाही आणली आणि पंगतीआधी नव्या व्याह्यांच्या हातात दिली. व्याह्यांनी ती आदराने न्याहाळली आणि त्याच हातांनी धोतर सावरलं. दोन घरांचे संबंध त्या काळ्या डागापासूनच मोकळे झाले, असं मेहुणी अजूनही सांगते.

पुढे दहा-अकरा वर्षांनी मी खरोखरची नवी गाडी घेतली. काका पंच्याहत्तरीला टेकले होते. मी सकाळी मुद्दाम त्यांच्या दारात गाडी नेली, थंड होऊ दिली, त्यांना बोलावून आणलं आणि किल्ली फिरवली. काका बॉनेटजवळ कान लावून उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "हं, करा सुरू."

मी किल्लीवरचा हात काढून घेतला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तळहात बॉनेटवर ठेवला. हाताला थरथर जाणवली असावी. "सुरू आहे होय," ते म्हणाले. "जावईबापू, हल्ली कोकीळ पण ऐकू येत नाही मला. कुकरची शिट्टी येते, पण अर्धी. आधी बारीक आवाज जातात बहुतेक, मग जाड. तुमचा मात्र सगळा ऐकू येतोय अजून." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, एखादं झाकण उघडून आत डोकावल्यासारखा सूर होता. मग त्यांनी दार उघडलं, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "चला, एक चक्कर मारू. कसं वाजतंय ते तुम्ही सांगत राहा."

मी गंगापूर रोडने हळूहळू गाडी चालवत राहिलो आणि जे ऐकू येत होतं ते एकेक करून, जरा मोठ्याने, सांगत गेलो.