युवा उद्योजकांचं पान

"घ्या, सगळं मोकळं हाय," असं म्हणत तो दोन्ही तळहात पुढे करायचा. बघणाऱ्याला वाटावं, स्वतःचं शेतच वाटायला काढलंय. वाटत होता तो मी तीन वर्षं खपून लिहिलेला प्रोग्राम. असला दानशूर तुम्हीही एखादा पाहिला असेल.

वसमतला खताच्या दुकानावर आमची कंपनी होती. हळद किती सुकली ते मोबाइलवर टाकलं की ती कोणत्या बाजारात न्यावी, हे आमचा प्रोग्राम सांगे. तो कुणीही फुकट वापरावा, उघडून सुधारावा, ही कल्पना माझी. पैसा आणि भाषणं त्याची, माझ्या भागीदाराची. संगणकातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

अशा प्रोग्रामसोबत परवानापत्र जोडतात. कुणीही वापरा, कायम वापरा, फक्त हे पान काढू नका, एवढं मी लिहिलं आणि मालकाच्या नावाची जागा सोडून चहाला गेलो. परत येतो तर तिथं अख्खा फ्लेक्स बसलेला. 'युवा उद्योजक, गोरगरिबांचे कैवारी मा. श्री.', पुढे त्याचं पूर्ण नाव, खाली शुभेच्छुक म्हणून दोन मामा. माझं नाव कुठंच नाही. विचारलं तर म्हणाला, "सर, तुमी तर घरचेच." मी हसून सोडून दिलं, हा माझा गाढवपणा.

पुढे पुण्याचे गुंतवणूकदार पैसे लावायला तयार झाले. अट एकच, फुकट वाटणं बंद. मी म्हणालो, दिलेलं परत घेता येत नाही. त्यानं मलाच काढून टाकलं. त्या दिवशी घातलेल्या शिव्या मी अजून मागे घेतलेल्या नाहीत.

पुसेगावच्या शेतकरी गटाकडे एक प्रत होती. प्रोग्राम बंद करा, असं दटावायला हा स्वतः तिथं गेला. गटाच्या अध्यक्षबाईंनी ते पान छापून त्याच्यापुढं ठेवलं.

"कायम वापरा म्हणून तुमीच लिहून दिलं ना? मग आता काहून बंद करून राहिले?"

तो वाचत राहिला. स्वतःच्या नावाचं पान त्यानं पहिल्यांदाच वाचलं असावं. गुंतवणूकदार पांगले, कंपनीला कुलूप लागलं, आणि हा कुठं गेला ते मामांनाही ठाऊक नाही.

प्रोग्राम आता मी पुसेगावात बसून सांभाळतो. उघडला की आधी युवा उद्योजक दर्शन देतात. परवा सिद्धेश्वरकडच्या एक मावशी ते वाचून म्हणाल्या, "लई मोठ्या मनाचा माणूस दिसतो हा."

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण त्या पानावर त्याच्याऐवजी माझं नाव असतं, तर 'मी कुठं लिहून दिलं?' म्हणत त्यानं ते केव्हाच उडवून लावलं असतं. मी दात खाऊन "व्हय" म्हणालो.