कुलपाचा फोटो

तिसऱ्या दिवशीही ह्यांनी ताट परत पाठवलं. करोनाच्या वॉर्डातून नर्सबाईंचा फोन आला. म्हणाल्या, आजी, आज पोटात अन्न गेलं नाही तर आमच्या हातात काही राहणार नाही.

ह्यांचा नेम होता. फौजेतून परत आल्यापासून रोज सकाळी चालत गणपतीला जायचं, मगच पहिला घास. या नेमापायी मी आयुष्यभर ह्यांना टोचून बोलले. मी स्वतः देवळात जायची ती सणासुदीला, तेही लोकांसाठी. घरातल्या तसबिरीचा फोटो नर्सबाईंच्या फोनवर धाडून पाहिला, तर ह्यांनी मान फिरवली. चालत गेल्याशिवाय दर्शन कसलं, म्हणाले. मग म्हटलं, बरं, मी चालते. लेक रहिमतपुरात अडकलेली. फोटो कसा काढायचा आणि धाडायचा, ते तिनं फोनवर चारदा समजावलं.

आमच्या उंबऱ्यापासून फोटो काढत निघाले. ह्यांची वाट तीच, वळणं तीच. एवढी सांगली, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. रसाच्या गाड्याचं चाक दोरीनं बांधलेलं. चौकातला सिग्नल कुणासाठी नाही, तरी लाल व्हायचा, हिरवा व्हायचा. कबुतरं उडाली तर पंखांचा आवाज गल्लीभर फिरला. चैताचं ऊन पांढरं पडलं होतं, आणि मला वाटू लागलं की मी चालत नाही, रस्ताच हळूहळू मागं सरकतोय. झोपेत गाव दिसतं तसं सगळं ओळखीचं आणि माणूस एक नाही. भीती मात्र वाटली नाही.

देवळाजवळ फुलवालीच्या रिकाम्या फळीपाशी सवयीनं चपला काढल्या. राखायला कोण होतं? तरी काढल्या, त्यांचाही फोटो घेतला. पुढं दाराला हे मोठं कुलूप. पाय भाजत होते. मरायला टेकलेल्या माणसाला कुलूप काय दाखवायचं, म्हणून पायरीवर बसले.

रस्ता झाडणारी एक बाई आली. तोंडाला फडकं, नुसते डोळे दिसत होते. "आवं आजी, पाय पोळत्यात की," म्हणत तिनं आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या पायांवर ओतलं. मी सगळं सांगितलं.

"कुलूप आपल्याला हाय, त्याला न्हाई," ती म्हणाली. "त्यो आतच हाय न्हवं? मग धाडा."

तिनं पायरीवरचा पाचोळा झाडून काढला. "आता काढा."

मी कुलपाचा फोटो काढला. सगळे फोटो धाडले.

दुपारी नर्सबाईंचा फोन आला. ह्यांनी एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला, चपलांपाशी थांबले. "हिनं काढल्या?" म्हणून हसले. शेवटचा पाहून हात जोडले आणि वाटीभर पेज प्याले.

त्या बाईला नंतर शोधलं. तोंडच पाहिलं नव्हतं, ओळखणार कशी? आता हातात झाडू असलेली कुठलीही बाई दिसली की मी नमस्कार करते. काहीजणी हसतात, हसू देत. सगळं माझ्याच हातानं होतं, असं मला जन्मभर वाटायचं. त्या दिवशी हातात एका कुलपाचा फोटो होता, तोही सोडून दिला. पुढचं माझं नव्हतं.

ह्यांच्या शेजारच्या खाटेवरचा तरुण गेला. त्याच्या आईनंही देवाला हाक मारली असेल. आमचे हे जगले.