लाइन ठीक होती, मोडेम म्हातारा होता

मंडळी, घशाच्या ऑपरेशनपासून साताऱ्याचे माझे बाबा पाटीवर लिहून बोलतात. म्हणून इकडे उत्तर भारतातून आम्ही त्यांना वेबकॅमवर भेटतो. पण हल्ली चित्र इतकं अडकायचं की पाटीवरचं काही वाचताच यायचं नाही.

केबलवाला म्हणायचा, "लाइन पक्की ठीक है जी."

आज लॅपटॉप घेऊन शेजारच्या वहिनींकडे गेले. केबलवाला तोच, प्लॅनही तोच, पण नेट सुसाट! म्हणजे दोष आमच्या जुनाट मोडेमचा. भांडून दुपारी बदलून घेतला.

संध्याकाळी बाबांची पाटी स्वच्छ दिसली: "बारीक झालीस."

लेक ओरडली, "आजोबा, मम्मी तो मोटी हो गई है!"

बाबा खांदे हलवत हसले. किती दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं!

तुमचा मोडेम कधीचा आहे हो?